फोन करण्याआधी वाचा

निखतनं फोन आडवा केला, तर पानही आडवं झालं. तिनं मान वाकडी करून पाहिलं. मग फोन उभा केला. पान थोडा वेळ विचार करत राहिलं आणि आडवंच राहिलं. अक्षरं मुंगीएवढी होती. तिनं दोन बोटांनी ती ताणली, तेव्हा 'रि' भलीमोठी झाली आणि 'पोर्ट' पडद्याच्या बाहेर निघून गेलं.

तिच्या मागे स्टुलावर उत्तमराव ढोले बसले होते. मांडीवर कागद, हातात पेन आणि तोंड बंद. बोलायचं नाही, हा नियमच होता. वाचणारा कुठे अडतो ते पाहायचं, टिपून घ्यायचं, पण 'हं' सुद्धा म्हणायचं नाही. ढोले हा नियम इतक्या काटेकोरपणे पाळत होते की लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका बाईनं त्यांना पेशंट समजून पंख्याखाली जागा करून दिली होती.

निखतनं आणखी काही पानं वरखाली केली, सुस्कारा टाकला, पीडीएफ बंद केली आणि कुणाला तरी फोन लावला. ढोल्यांच्या खिशात फोन वाजायला लागला.

दोघंही तो थोडा वेळ वाजू देत बसले.

"सर, तुमी तं इथंच बसून हा," निखत मागं न पाहता म्हणाली. "सवयच पडली मले. अडलं की बोट आपोआप तुमच्याच नंबरवर जाते."

"फोन नाही करायचा, निखत. त्याच्यात शोधायचं."

"हाव जी. पन तुमाले इचारलं तं तुमी सांगता. याले इचारलं तं हे आडवं होते."

ढोल्यांनी कागदावर लिहिलं : पीडीएफ. आडवं होते.

ही लॅब अकोल्याला ताजनापेठेच्या एका गल्लीत होती. मालक इनायतुल्लाभाई, निखत त्यांची पुतणी आणि तिथली टेक्निशियन. लॅबच्या कॉम्प्युटरवर रक्तालघवीचे रिपोर्ट तयार करणारं जे सॉफ्टवेअर होतं, ते अमरावतीच्या एका कंपनीचं. त्याचं नाव 'रक्तरेखा'. नावावरून ते रहस्यकथेसारखं वाटे, पण बाकीची सगळी नावं आधीच कुणी ना कुणी घेऊन ठेवलेली होती. वऱ्हाडातल्या गावोगावच्या लॅबमध्ये ते चालत असे, आणि ते कसं चालवायचं हे सांगणारं मराठी पुस्तक ढोल्यांनी लिहिलं होतं. वीसेक वर्षांपासून तेच लिहीत होते. त्याआधी ते धामणगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत. तिथं मुलं वर्गात येत नसत. इथं वाचक पुस्तक उघडत नसत. त्यामुळे नोकरी बदलली तरी कामाचं स्वरूप फारसं बदललं नाही, असं ते म्हणत.

पुस्तकाच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं : 'फोन करण्याआधी वाचा.' खाली ढोल्यांचा स्वतःचा मोबाईल नंबर होता. कंपनीचा फोन एकदा महिनाभर बंद पडला होता, तेव्हा तात्पुरता म्हणून छापला, तो राहून गेला. वाचक बहुधा मागच्या पानापासून सुरुवात करीत आणि तिथंच संपवीत.

आता कंपनीत अमोल आला होता. पुण्याहून एमबीए करून आलेला, बोलायला गोड, वयानं ढोल्यांच्या निम्मा. एकच मजकूर आपण पाच रूपांत देतो, असं त्याच्या लक्षात आलं : छापील पुस्तक, पीडीएफ, वेबसाइट, मोबाईलचं ॲप आणि व्हिडिओ. एवढं कशाला, त्यातलं एक ठेवू, चार बंद करू, पण कोणतं ठेवायचं ते वापरणाऱ्यांना पाहून ठरवू, असा त्याचा सरळ विचार. त्यानं तीन कामं काढून दिली. लोकांसमोर बसा, पाचही रूपं एकेक करून द्या, काम जमतं का पाहा, तक्ता भरा. तिसरं काम होतं, 'चुकलेला रिपोर्ट दुरुस्त करून पुन्हा छापणे'. ते अमोलनं मुद्दाम निवडलं होतं, कारण लोक सगळ्यात जास्त तेच विचारत.

का विचारत, हे अमोलला माहीत नव्हतं. ढोल्यांना माहीत होतं. रिपोर्टमधला आकडा बदलल्यावर 'कायम करा' हे बटण दाबावं लागे. न दाबता छापलं, तर पडद्यावर नवा आकडा दिसे आणि कागदावर जुनाच येई. ही ओळ पुस्तकाच्या चौदाव्या पानावर असायला हवी होती. ती नव्हती. ती तिथं नाही, हे ढोल्यांना तीन वर्षांपासून माहीत होतं.

त्याचं असं झालं. ढोले पुस्तकाचं कोणतंही प्रकरण लिहीत, ते आधी कौशल्या वाचे. कौशल्या म्हणजे त्यांची बायको. ती घरी ब्लाउज शिवायची आणि कॉम्प्युटरशी तिला काही देणंघेणं नव्हतं. म्हणूनच ती कामाची होती. रविवारी दुपारी जेवणं झाली की तिला खुर्चीवर बसवायचं, पुढे लॅपटॉप आणि लिहिलेले कागद ठेवायचे आणि आपण मागे वेताच्या बुटक्या मोड्यावर गप्प बसायचं. ती एकेक ओळ मोठ्यानं वाचून तसं करी. जिथं ती थांबे, तिथं ढोल्यांचं लिहिणं चुकलेलं असे. "'योग्य पर्याय निवडा' म्हने," ती म्हणे. "योग्य कोनता ते मले मालूम असतं तं तुमचं पुस्तक कायले वाचलं असतं जी?" ढोले ओठ चावून बसत. बोलायचं नाही, हा नियम तिनंच घालून दिला होता, कारण सुरुवातीला ते मागून सांगत आणि ती चिडे. "तुमी का सगळ्याईच्या मांगं मोडा घेऊन बसनार हा काय?"

ती गेली, आणि पुढच्याच महिन्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. बनवणाऱ्यांनी 'कायम करा' हे बटण खालून वर नेऊन ठेवलं होतं. ढोल्यांनी ते प्रकरण एकट्यानं लिहिलं, एकट्यानं वाचलं. आपलं आपण वाचलं की कुठंच अडायला होत नाही. पुस्तक छापून आलं आणि चार दिवसांत परतवाड्याहून फोन आला. ढोले तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून पोळी खात होते. बटण कुठं आहे ते त्यांनी सांगितलं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग पलीकडच्या माणसानं ठेवता ठेवता विचारलं, "जेवले काय सर?"

वऱ्हाडात हे कुणीही कुणालाही विचारतं. त्याचं उत्तर 'हो' एवढंच द्यायचं असतं. ढोल्यांनी जेवायला काय काय केलं होतं ते सगळं सांगितलं.

पुढच्या आवृत्तीत ती ओळ घालू, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. पुढच्या आवृत्तीत ती राहिली. मग वेबसाइट आली, ॲप आलं, व्हिडिओ आला. सगळ्यांचा मजकूर त्याच पुस्तकातून उचलला. पाचही रूपांत शब्द तेच होते आणि पाचही रूपांत ती ओळ नव्हती. फोन मात्र येत राहिले. मूर्तिजापूर, वरूड, दर्यापूर, अंजनगाव. ढोल्यांना प्रत्येकाच्या घरचं माहीत झालं. कुणाची मुलगी नर्सिंगला गेली, कुणाच्या संत्र्यांचा बहर गळाला, कुणाकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं. त्यांनी हे ठरवून केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी फक्त ती ओळ लिहिली नाही.

आज स्टुलावर बसून तक्ता भरताना त्यांना प्रथमच ते बाहेरून पाहावं लागत होतं.

पीडीएफनंतर निखतनं दुसऱ्या ॲपमध्ये तीच पीडीएफ उघडून पाहिली. तिथं पान सरळ राहत होतं, पण दर दोन पानांनी 'तुम्हाला कर्ज हवं आहे का' असं विचारत होतं. तिसऱ्यात सगळी जोडाक्षरं फुटली आणि 'रक्त'चं काहीतरी भलतंच झालं; निखत म्हणाली, हे पेशंटले दाखवू नोका सर. मग छापील पुस्तक. ते सापडायला वेळ लागला, कारण ते रक्त फिरवायच्या मशीनच्या एका पायाखाली होतं. फरशी तिथं दबलेली होती. पुस्तक काढल्याबरोबर मशीन थरथरायला लागलं, म्हणून इनायतुल्लाभाईंनी तिथं जुनी चप्पल सरकवली. पुस्तक छान राहिलं होतं, फक्त मधोमध गोल खड्डा पडला होता. निखतनं अनुक्रमणिका पाहिली, चौदावं पान पटकन काढलं, बोट ठेवून वाचलं, वाचलं तसं केलं, छापलं. कागदावर जुनाच आकडा आला. तिनं कागद पाहिला, पुस्तक पाहिलं, आणि वळून ढोल्यांकडे पाहिलं. ढोल्यांनी नियमाप्रमाणे तोंड बंद ठेवलं.

ॲप उघडायला ओटीपी हवा होता, आणि तो जिब्रानच्या फोनवर जाई. जिब्रान म्हणजे इनायतुल्लाभाईंचा मुलगा. दोन वर्षांपासून तो सौदीला होता. वेबसाइट उघडली आणि अर्ध्यावर नेट गेलं. व्हिडिओ निखतला आवडला. त्यातली मुलगी पुण्याच्या आवाजात 'अगदी सोप्पं आहे' असं म्हणायची आणि ते इतक्या भरभर करून दाखवायची की सोपं असल्याबद्दल शंका राहत नसे. निखतनं ती मुलगी पुन्हा पुन्हा मागं नेली. मुलगी दर वेळी तितक्याच आनंदानं म्हणाली, अगदी सोप्पं आहे.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीत ढोल्यांनी पाच फुल्या मारल्या. तेवढ्यात दारात एक म्हातारा-म्हातारी येऊन उभी राहिली.

म्हातारीचं नाव पार्बताबाई, म्हाताऱ्याचं नत्थुजी. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातले. त्यांना पाहून इनायतुल्लाभाई गल्ल्यामागून उठून बाहेर आले, म्हातारीला हात धरून बसवलं आणि पाणी दिलं. तिच्या किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट मागच्या आठवड्यात याच लॅबनं दिला होता. आकडा होता ०.९, टाइप झाला ९.०. गावच्या डॉक्टरनं कागद पाहून एकदम नागपूर गाठायला सांगितलं. नागपूरला जायच्या आधी कुणीतरी शहाण्यानं पुन्हा तपासून घ्या म्हटलं म्हणून काल ते परत आले होते, आणि आज नवा रिपोर्ट न्यायला आले होते. नव्या कागदावर ०.९ होतं. पार्बताबाईला काही झालेलं नव्हतं.

तिला त्याचा आनंद झाला असेल, पण तोंडावर काही दिसत नव्हतं. तिच्यापुढे वेगळीच अडचण होती.

"आठ दिस मीठ नाई खाल्लं मी," ती कुणा एकाला न सांगता सांगत होती. "साड्याइ वाटून देल्ल्या सुनाइले. मोठीले जांभळी देल्ली, लहानीले हिरवी. आता वापस मांगू कशी?"

"मी म्हनलं होतं थांब," नत्थुजी म्हणाले. "हे आयकते काय? म्हने, मी गेल्यावर तुमाले कोनती कोनाची ते नाई समजत."

"मंग, समजते काय तुमाले?"

नत्थुजींनी याचा विचार केला आणि समजत नाही असं कबूल केलं.

इनायतुल्लाभाई म्हणाले, चाची, मी फोन करतो सुनांना, सांगतो मशीन बिघडली होती. त्यावर निखत ट्रेमधल्या नळ्या लावता लावता म्हणाली, मशीनले काहून बदनाम करता चाचा. तिचा आवाज खालीच होता. "मी दुरुस्त केलतं त्या दिवशी. स्क्रीनवर बरोबर दिसे. कागद छापला तं जुनंच. सरले फोन लावला, एंगेज. पुना लावला, एंगेज. गर्दी होती. मंग पुना छापला, पाहेला नाई. मले वाटलं कागदावर बी बरोबर आलं असन आता, अन् देऊन टाकला."

तिनं हे ढोल्यांना उद्देशून म्हटलं नव्हतं. ती तक्रारही करत नव्हती. एखाद्या दिवशी पाऊस होता म्हणून बस चुकली, असं सांगावं तसं ती सांगत होती.

ढोल्यांना तो दिवस आठवत होता. मंगळवार होता, दुपारची वेळ. फोनवर दर्यापूरचा गोपाल होता, तिथल्या लॅबचा टेक्निशियन. त्याचा प्रश्न हाच होता : पडद्यावर नवं, कागदावर जुनं. बटण कुठं आहे ते सांगून झालं आणि मग गोपालकडे रविवारी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले होते त्याचा विषय निघाला. गोवऱ्या किती लागतात, निखारे किती वेळ ठेवायचे, वांग्याच्या भाजीत काय पडतं. ढोल्यांनी सगळं नीट विचारून घेतलं होतं. अमरावतीत कठोरा नाक्याला तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडे गोवऱ्या नव्हत्या, त्या पेटवायला जागा नव्हती आणि खायला माणसं नव्हती. बोलताना कानात मधेमधे टुक टुक असा दुसऱ्या फोनचा आवाज येत होता. करेल पुन्हा, असं त्यांना वाटलं होतं.

"अन् हे कोन?" पार्बताबाईनं ढोल्यांकडे बोट केलं. बराच वेळ एक माणूस हातात कागद घेऊन न बोलता बसला आहे, हे तिला पटत नसावं.

"मी पुस्तक लिहितो," ढोले म्हणाले. सकाळपासून त्यांचं हे पहिलंच वाक्य असल्यासारखा आवाज आला.

"कायचं?"

"हे कॉम्प्युटर कसं चालवायचं, त्याचं."

म्हातारीनं फळीवर पालथं ठेवलेलं पुस्तक पाहिलं. मधला खड्डा पाहिला. "वाचते काय कोनी?"

ढोल्यांनी पुस्तक उचलून सुलटं ठेवलं.

"घरी कोन कोन हाय?"

"कोणी नाही. मी आहे."

"मंग ठीक हाय," पार्बताबाई म्हणाली. तिला नेमकं काय ठीक वाटलं ते ढोल्यांना कळलं नाही, पण तिनं पिशवीतून दोन संत्री काढून एक त्यांच्या हातात ठेवलं आणि दुसरं इनायतुल्लाभाईंना दिलं. मग नवा कागद घडी करून चोळीत ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, चाला, जांभळी तं मी मांगतोच, हिरवी राहू दे लहानीले.

परतीची एसटी मूर्तिजापूरला थांबली होती, तेव्हा परतवाड्याचा फोन आला. पडद्यावर नवं, कागदावर जुनं. उजवीकडे वर हिरवं बटण आहे, 'कायम करा' लिहिलेलं, ते दाबा आणि मग छापा, असं ढोल्यांनी सांगितलं. झालं सर, झालं, पलीकडून आवाज आला. "अन् जेवन गिवन झालं काय?"

"बसमध्ये आहे," ढोले म्हणाले. "आवाज येत नाही." आणि फोन ठेवला. बस उभी होती, इंजिन बंद होतं आणि आवाज स्वच्छ येत होता.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि चौदावं पान उघडलं. लिहायची ती एक ओळ. 'बदल केल्यावर कायम करा हे बटण दाबा.' लिहून झाल्यावर ते उठले, टेबलाला वळसा घातला आणि कौशल्या बसायची त्या खुर्चीवर येऊन बसले. तिथून ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. आणि अडले. कुठं आहे हे बटण? हे लिहिलेलंच नव्हतं. त्यांनी लिहिलं : पडद्यावर उजवीकडे, वर, हिरव्या रंगाचं. पुन्हा वाचलं. दाबलं की काय होईल? लिहिलं : बटणाचा रंग राखाडी होईल. राखाडी झालं नाही तर? झालं नाही तर छापू नका. आणि विसरून छापलं तर? तर कागदावर जुना आकडा येईल. तो कागद पेशंटला देऊ नका, फाडून टाका.

एका ओळीच्या पाच ओळी झाल्या. सहाव्यांदा वाचलं तेव्हा त्यांना कुठं अडायला झालं नाही. तरी ते बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले, कुणी काही विचारतंय का पाहत. बाहेर कुणीतरी स्कूटर धूत होतं. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी त्या ओळी वेबसाइटवर चढवल्या, ॲपमध्ये घातल्या, व्हिडिओखाली टाकल्या, पीडीएफ नव्यानं केली. छापील पुस्तकासाठी चिकटवायच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि सोमवारी सगळ्या लॅबना पोस्टानं पाठवून दिल्या.

अहवाल त्यांनी अमोलच्या केबिनमध्ये नेऊन दिला. अमोलनं तक्ता वाचला. पुस्तकात पान लवकर सापडतं. पीडीएफ कोणत्या ॲपमध्ये उघडली त्यावर सगळं अवलंबून. वेबसाइट चांगली पण नेट हवं. ॲपला ओटीपी नको. व्हिडिओ लोकांना आवडतो पण पाहून हात चालत नाहीत. इथपर्यंत तो मान हलवत होता. तिसऱ्या कामापाशी थांबला. तिथं पाचही रकान्यांत फुल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं : 'पाचही रूपं सारखीच निरुपयोगी. एक पायरी लिहिलेलीच नव्हती. आता लिहिली आहे.'

"तीन वर्षं नव्हती ही पायरी?" अमोलनं विचारलं. "म्हणजे एवढ्या दिवसांत कुणी सांगितलं नाही, सर?"

"सांगत होते ना. रोज सांगत होते."

"मग?"

"मी ऐकत होतो," ढोले म्हणाले.

मुलगा वाईट नव्हता. त्यानं कागद फाइलमध्ये ठेवला आणि चहा सांगू का विचारलं.

दीड महिन्यानं सगळ्यांची बैठक झाली. छापील पुस्तक पुढच्या वर्षापासून बंद, पीडीएफ आणि ॲपही बंद. वेबसाइट राहील, तिथं वर व्हिडिओ आणि खाली ढोलेसरांचा मजकूर. मग अमोलनं भिंतीवर एक आलेख दाखवला. मदतीसाठी येणारे फोन किती कमी झाले त्याचा. रेघ डावीकडे उंच होती. मध्ये एका जागी घसरली आणि उजवीकडे जमिनीला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अमोलनं ढोल्यांना उभं राहायला सांगितलं, ते उभे राहिले. आपल्या संध्याकाळींचं चित्र इतकं हुबेहूब कुणी काढेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

फोन तसा अगदीच बंद पडला नव्हता. एकदा कर्ज देणाऱ्या कंपनीचा आला. ध्वनिमुद्रित बाई बोलत होती, ढोल्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी तिनं सांगितल्याप्रमाणे दोन दाबलं. एकदा दर्यापूरच्या गोपालला आपणच लावावा असं त्यांच्या मनात आलं. नंबर काढला, बोट ठेवलं. पण काय म्हणणार? काही अडलं काय, असं विचारायचं? अडू नये म्हणून तर एवढं लिहिलं. आणि त्याशिवाय दुसऱ्या कशासाठी ते दोघं कधी बोलले नव्हते. रोडग्यांपर्यंत ते नेहमी त्या बटणावरूनच पोचत. ढोल्यांनी बोट उचललं.

अमोलनं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक नवी सोय करून दिली होती. वेबसाइट या क्षणी कोण वाचतंय ते त्यात दिसे. गावाचं नाव, पानाचं नाव आणि एक हिरवा ठिपका; वाचणारा खाली सरकला की ठिपका खाली सरकायचा. बाकी कुणी ते उघडत नसे. ढोल्यांनी पहिले काही दिवस उघडलं, तेव्हा तिथं काही नसायचं.

एका दुपारी होतं. दर्यापूर. 'चुकलेला रिपोर्ट दुरुस्त करून पुन्हा छापणे'.

शेजारच्या टेबलावरची प्रणाली हिशेब विभागात होती. ती चार वाजता सगळ्यांना चहाला उठवायची, तशी येऊन उभी राहिली. "चला ना सर, गार होऊन राह्यला."

"थांब जरा," ढोले पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "वाचून राहिलं कोणीतरी."

प्रणालीनं वाकून पाहिलं. तिला एक ठिपका दिसला. तिचा कप तिच्या हातातच होता. ती घोट घेत उभी राहिली.

ठिपका हळूहळू खाली येत होता. पहिली पायरी, दुसरी. नव्या ओळींपाशी येऊन तो थांबला. ढोल्यांनी हात मांडीवर घेतले. दर्यापूरला कुणीतरी पडद्यावर उजवीकडे वर पाहत असेल. ठिपका हलला नाही. मग एक ओळ वर गेला, पुन्हा खाली आला, तिथून शेवटपर्यंत सरकला, आणि विझला.

ढोल्यांनी थोडी वाट पाहिली. टेबलावर पालथा पडलेला फोन वाजला नाही. तो त्यांनी उचलून खिशात टाकला, खुर्ची आत सरकवली आणि प्रणालीच्या मागं चहाला गेले.